गूगलच्या दोन ओळींत पैठणीविषयी काय लिहावे?

प्रश्न : येवल्यात हातमागावर पैठणी विणण्याचे आमचे घरचे काम आहे. दोन वर्षांपूर्वी मुलाने मित्राकडून वेबसाइट करून घेतली. तिच्यावर चाळीसेक पाने आहेत आणि बहुतेक पानांच्या मेटा डिस्क्रिप्शनमध्ये (पानावर न दिसणाऱ्या, शोधयंत्रांसाठी लिहिलेल्या छोट्या वर्णनात) एकच मजकूर आहे : ‘येवल्यातील सर्वोत्तम पैठणी साड्यांचे विश्वसनीय दालन. उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर, तत्पर सेवा. पैठणी, ओरिजिनल पैठणी, हातमाग पैठणी, स्वस्त पैठणी. आजच भेट द्या.’ गूगलवर हा मजकूर क्वचितच दिसतो. बऱ्याच पानांखाली ‘मुख्यपान आमच्याविषयी संपर्क कार्ट’ असे काहीतरी येते. बांगडी मोर पदराच्या पानाचे वर्णन मी स्वतः लिहिले, पण त्या पानाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की खाली ‘आमच्या’ एवढा एकच शब्द दिसतो. अलीकडे टाकलेल्या साड्यांची वर्णने आपोआप तयार होतात, मात्र ती पाच-दहा शब्दांतच संपतात आणि शेवटी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. एका एजन्सीने सर्व पानांची वर्णने लिहून आम्हाला गूगलच्या पहिल्या पानावर आणण्याची हमी दिली आहे. तो खर्च करावा का? वर्णनासाठी सगळीकडे सांगितली जाणारी १६० अक्षरांची मर्यादा मराठीत कशी मोजायची? वर्णन मराठीत असावे की इंग्रजीत? आणि गूगल आपल्या मनाप्रमाणेच ओळी दाखवणार असेल, तर लिहायचे तरी कशाला?
– एक वाचक, येवला

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण पत्रासोबत तीन पानांचा सोर्स (पानामागचा कोड) जोडला, हे फार बरे केले, कारण आपल्या अर्ध्या अडचणींचा उलगडा त्यातच झाला.

पैशाचा प्रश्न आधी मिटवू. मेटा डिस्क्रिप्शनमुळे पान वरच्या क्रमांकावर येत नाही. क्रमवारीसाठी कीवर्ड्स टॅग (पानाचे शोधशब्द लिहिण्याची जागा) विचारात घेत नाही आणि डिस्क्रिप्शन टॅगही क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीरपणे सांगितले होते. तेव्हा ‘पैठणी, ओरिजिनल पैठणी, स्वस्त पैठणी’ ही माळ आपल्या कोणत्याही उपयोगाची नाही. उलट ती दिसलीच, तर हातमागाची साडी शोधणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘स्वस्त’ हा शब्द वाचून शंका यायची. वर्णने लिहून पहिल्या पानावर आणण्याची हमी देणाऱ्याला एकतर हे माहीत नसावे किंवा माहीत असूनही तो सांगत नसावा. दोन्ही परिस्थितींत त्याला पैसे देण्याचे कारण मला दिसत नाही. शोधातील क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेही आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेले आहे.

मग या ओळींचे काम काय? समोर आलेल्या आठ-दहा निकालांपैकी कोणता उघडायचा, हे माणूस ज्या क्षणी ठरवतो, त्या क्षणी शीर्षकाखालच्या या दोन ओळी त्याच्यासमोर असतात. पैठणीच्या दुकानात जाणता विक्रेता घडी उलगडताना आधी पदर दाखवतो, कारण गिऱ्हाईक थांबणार की पुढच्या दुकानात जाणार, हे तिथेच ठरते. या ओळींकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवावी. आता आपला सध्याचा मजकूर गिऱ्हाइकाच्या नजरेने वाचून पाहा. ‘सर्वोत्तम’, ‘विश्वसनीय’, ‘उत्कृष्ट दर्जा’, ‘वाजवी दर’ हे शब्द यंत्रमागावरची सेमी पैठणी विकणाराही लिहितो आणि लग्नाचे बूट विकणाराही लिहितो. ‘पैठणी’ हा शब्द काढून ‘फर्निचर’ घातला, तरी त्या वर्णनात काहीही बिघडत नाही. जे वाक्य कोणत्याही दुकानाला लागू पडते, ते आपल्या दुकानाविषयी काहीच सांगत नाही, आणि गूगलची यंत्रणाही ते बहुधा याच कारणाने बाजूला ठेवते. त्यातही तोच मजकूर चाळीस पानांवर असेल, तर कोणत्या पानाचे ते खरे वर्णन आहे, हे ठरवायला काही आधारच उरत नाही.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे, कारण बाकी सर्व काही त्यावर अवलंबून आहे. शोधनिकालात शीर्षकाखाली दिसणारा मजकूर गूगल मुख्यतः पानावरच्या मजकुरातून उचलते. मेटा डिस्क्रिप्शनने पानाची ओळख अधिक नेमकी होत असेल, तर ते वापरते. ही निवड शोधणाऱ्याने काय लिहिले यावर बदलते. ‘बांगडी मोर पैठणी’ असे शोधणाऱ्याला आपले वर्णन दिसेल, तर ‘पैठणीची घडी किती दिवसांनी बदलावी’ असे शोधणाऱ्याला त्याच पानावरच्या निगेच्या सूचनांमधले वाक्य दिसेल. हे आपल्या फायद्याचेच आहे, कारण दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर समोरच मिळते. अडचण तेव्हा येते, जेव्हा पानावर उचलण्याजोगे काहीच नसते. आपली साड्यांची पाने पाहिली, तर काठ, पदर, रंग, रेशीम, किंमत ही सगळी माहिती सुंदर अक्षरांत, पण फोटोवर लिहिलेली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला केलेली चित्रे तशीच वेबसाइटवर चढवली आहेत, असे दिसते. पानाचा मजकूर म्हणून उरतो तो फक्त वरचा मेनू, आणि म्हणून निकालात ‘मुख्यपान आमच्याविषयी संपर्क कार्ट’ येते. या पानांना उत्तम मेटा डिस्क्रिप्शन दिले तरी दुखणे अर्धेच बरे होईल. प्रत्येक साडीखाली चार-पाच पूर्ण वाक्यांचा, निवडता येईल असा मजकूर आधी लिहावा, आणि डिस्क्रिप्शनचे काम त्यानंतरच हाती घ्यावे. लिहिण्याचा हा क्रम सोयीचाही आहे : साडीविषयी पाच वाक्ये लिहून झाली की त्यातले कोणते वाक्य दोन ओळींत यायला हवे, हे वेगळे शोधावे लागत नाही.

बांगडी मोराच्या पानाचे उदाहरण घेऊ, कारण तिथे चूक शब्दांची नसून एका चिन्हाची आहे. आपण लिहिले होते, आमच्या "बांगडी मोर" पदराच्या पैठण्या हातमागावर विणलेल्या असून वगैरे. सोर्समध्ये संपूर्ण वर्णन सरळ दुहेरी अवतरणचिन्हांच्या जोडीत बसवलेले असते, आणि मजकुरात तसेच चिन्ह पुन्हा आले की ब्राउझर, गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप हे सर्वजण वर्णन तिथेच संपले असे समजतात. त्यामुळे ‘बांगडी’च्या आधीचा ‘आमच्या’ एवढाच शब्द शिल्लक राहिला. तयार प्लगइन (वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही, कारण प्लगइन ते चिन्ह आपणहून सुरक्षित रूपात बदलून घेते. हाताने बांधलेल्या वेबसाइटवर ती काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. एकेरी किंवा छापखान्यातली वळणदार अवतरणचिन्हे वापरावीत, किंवा चिन्हे सरळ काढून टाकावीत. बांगडी मोर त्यांच्याविनाही कळतो.

नव्या साड्यांच्या पानांवरचे काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह हा वेगळा आणि केवळ आपल्यासारख्या लिपीत लिहिणाऱ्यांना भोवणारा प्रकार आहे. मुलाच्या मित्राने माहितीचा पहिला १६० चा तुकडा आपोआप कापून घेण्याची सोय केली आहे; विचार चांगला आहे, पण त्याचे फंक्शन (प्रोग्रॅममधली आज्ञा) अक्षरे न मोजता बाइट, म्हणजे संगणकाच्या साठवणीचे छोटे एकक, मोजत आहे. इंग्रजीत एक अक्षर एका बाइटमध्ये मावते, तर देवनागरीतील प्रत्येक वर्ण, प्रत्येक मात्रा आणि जोडाक्षरातला हलन्तसुद्धा यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी ३ बाइट घेतो. त्यामुळे आठ-दहा शब्दांतच १६० बाइट संपतात, आणि कात्री एका अक्षराच्या तीन बाइटच्या मध्ये कुठेतरी पडली, तर उरलेल्या तुकड्याचे कोणतेच अक्षर होत नाही. तिथे ते प्रश्नचिन्ह उमटते. मित्राला एवढेच सांगावे की अनेक लिपींतील अक्षरे ओळखणारे फंक्शन वापरावे आणि कात्री शब्दाच्या शेवटी असलेल्या मोकळ्या जागेवरच चालवावी. नुसते पहिले फंक्शन बदलले, तर प्रश्नचिन्ह जाईल, पण ‘पैठणी’चे ‘पैठण’ होण्याची शक्यता राहील, आणि येवल्याच्या विणकराला ते निश्चितच रुचणार नाही.

यातूनच आपल्या १६० अक्षरांच्या प्रश्नाचे उत्तर निघते. हा आकडा कोणताही नियम नाही. वर्णन किती लांब असावे, यावर गूगलने मर्यादा घातलेली नाही. दाखवताना मात्र ते पडद्याच्या रुंदीप्रमाणे तोडले जाते, आणि ती रुंदी मोबाइलवर व संगणकावर वेगवेगळी असते. डिसेंबर २०१७ मध्ये निकालातील हा मजकूर एकदम लांब, म्हणजे सुमारे ३२० अक्षरांपर्यंत दिसू लागला होता. लोकांनी आपली वर्णने धडाधड वाढवली आणि मे २०१८ मध्ये तो पुन्हा जुन्या मापावर आला. तेव्हापासून आकड्यांच्या मागे फार धावू नये, असे मला वाटते. मराठीत तर आकडा आणखीच फसवा ठरतो. ‘येवल्यातील’ हा शब्द आपल्या डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो, पण मात्रा, हलन्त आणि जोडाक्षराचे घटक वेगळे धरून मोजणारे यंत्र तो दहाचा मोजते. शिवाय ‘े’ किंवा अनुस्वार डोक्यावर बसत असल्याने रुंदीत भर घालत नाही, ‘ा’ आणि ‘ी’ मात्र जागा अडवतात. म्हणून प्लगइनचा लांबी दाखवणारा रंगीत पट्टा हिरवा आहे की लाल, यावर मराठी वर्णनाची लांबी ठरवू नये. जे सांगितल्याशिवाय चालणारच नाही, ते पहिल्या बारा-पंधरा शब्दांत आणावे. पुढचे वाक्य दिसले तर फायदा आणि तुटले तरी नुकसान नाही, अशी रचना करावी. काही पानांच्या मजकुराआधी गूगल तारीखही दाखवते आणि तितकी जागा आणखी कमी होते, हेही ध्यानात असावे.

आता प्रत्यक्ष लेखन. आपण पत्रात दिलेल्या माहितीवरून बांगडी मोराच्या साडीचे वर्णन मी असे लिहीन : ‘बांगडी मोर पदराची हातमाग पैठणी, राघू रंग, नारळी काठ, शुद्ध रेशीम. विणायला दीड महिना लागतो. उलट बाजूचा फोटो व किंमत पानावर दिली आहे.’ यात एकही विशेषण प्रशंसेचे नाही, तरीही ज्या बाईंना राघू रंगाची बांगडी मोर हवी आहे, त्या दुसरा निकाल उघडण्याआधी हे पान उघडतील. दीड महिना हा तपशील मी मुद्दाम ठेवला, कारण लग्नाची तारीख डोक्यात असलेल्या गिऱ्हाइकाला तो लगेच हवा असतो, आणि उलट बाजूच्या फोटोचा उल्लेख याहून महत्त्वाचा आहे. हातमागावर विणलेल्या पैठणीच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, तर यंत्रमागावर जॅकार्ड या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेने काढलेल्या नक्षीच्या मागे धाग्यांचे जाळे किंवा कापलेली टोके दिसतात. हे माहीत असलेले गिऱ्हाईक उलट बाजूच शोधत असते. ‘विश्वसनीय’ हा शब्द दहा वेळा लिहूनही जो विश्वास बसत नाही, तो उलट बाजू दाखवायची तयारी आहे, एवढे सांगितल्याने बसतो.

आपल्या वेबसाइटवर हातमाग व यंत्रमाग यांतील फरक समजावणारे एक पान आहे. माझ्या मते ते आपले सर्वांत मोलाचे पान आहे, पण आज त्यालाही ‘आजच भेट द्या’ हेच वर्णन आहे. तिथे असे लिहिता येईल : ‘ओरिजिनल हातमाग पैठणी उलट बाजूवरून कशी ओळखावी आणि सिल्क मार्कमुळे नेमकी कशाची खात्री मिळते, हे फोटोंसह.’ सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याची ग्वाही देतो, साडी हातमागावर विणली असल्याची देत नाही. ही गोष्ट पुष्कळ गिऱ्हाइकांना ठाऊक नसते आणि ती जाणून घेण्यासाठी ती आपले पान नक्की उघडतील. इथे ‘ओरिजिनल’ हा शब्द मी ठेवला आहे, कारण गिऱ्हाईक शोधताना तोच लिहिते आणि शोधलेले शब्द वर्णनात आले की गूगल ते बऱ्याचदा ठळक करून दाखवते. एकदा आला, पुरे झाला.

विणकाम पाहायला येणाऱ्यांसाठीच्या पानाचे वर्णन अगदी साधे ठेवावे : येण्याआधी फोन करावा का, माग कोणत्या वारी बंद असतो आणि मनमाडहून कसे यायचे, एवढे आले की झाले. मुख्यपानावर मात्र आपण कोण, कुठे आणि काय विणता, हे एका वाक्यात यावे. ‘संपर्क’, ‘परतीचे धोरण’ अशा पानांवर वेळ घालवू नका. तिथली जागा मोकळी राहिली तरी चालेल. सगळीकडे एकच मजकूर असण्यापेक्षा काही पानांवर काहीच नसणे बरे.

भाषेचे म्हणाल, तर पान ज्या भाषेत, त्याच भाषेत वर्णन. एकाच वर्णनात निम्मे मराठी आणि निम्मे इंग्रजी घातले, तर दोन्ही वाचकांना ते अर्धवटच वाटते. पुण्या-मुंबईचे आणि परदेशातले पुष्कळ मराठी लोक रोमन लिपीत शोधतात, हे खरे आहे. त्यांच्यासाठी निवडक साड्यांची इंग्रजी पाने वेगळी करावीत, ती मराठी पानांशी भाषादर्शक टॅगने जोडावीत आणि इंग्रजी वर्णनात परदेशी पाठवण्याची सोय असल्यास तिचा उल्लेख करावा. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न तोच पडतो.

दोन गोष्टी वर्णनात घालण्याआधी विचार करावा. पहिली किंमत : जरीचा आणि रेशमाचा भाव बदलला की पानावरची किंमत आपण बदलतो, पण डिस्क्रिप्शन पानावर दिसत नसल्याने तिथला जुना आकडा तसाच राहतो, आणि निकालात एक, पानावर दुसरी किंमत पाहून गिऱ्हाईक चिडते. ‘दिवाळी सवलत’सारखे शब्दही याच कारणाने माघापर्यंत लटकत राहतात. दुसरी भौगोलिक मानांकन : पैठणीला ते मिळालेले आहे, परंतु १९९९ च्या कायद्यानुसार त्याचा अधिकृत वापर नोंदणीकृत वापरकर्त्यांनाच करता येतो. आपली नोंदणी असेल, तर ती वर्णनात अवश्य लिहावी. नसेल, तर ती आधी करावी.

व्हॉट्सअ‍ॅपवर दिसणाऱ्या मजकुराविषयी थोडेसे. तिथे मुख्यतः ओपन ग्राफ नावाचे टॅग वाचले जातात आणि त्यांत शीर्षक, वर्णन व चित्र यांच्या स्वतंत्र जागा असतात. आपल्या वेबसाइटवर ओपन ग्राफचे वर्णन मेटा डिस्क्रिप्शनमधूनच भरले जाते, त्यामुळे अवतरणचिन्हाची चूक सुधारली की व्हॉट्सअ‍ॅपही सुधारेल. जुन्या लिंकवर मात्र काही काळ जुनाच मजकूर दिसू शकतो. पानावर कुरिअरच्या उशिराची सूचना किंवा फोन करण्याच्या वेळा असा मजकूर असेल आणि गूगल नेमका तोच उचलत असेल, तर तेवढ्या भागाला २०१९ पासून उपलब्ध असलेली ‘नो-स्निपेट’ची, म्हणजे हा भाग निकालात दाखवू नये असे सांगणारी, खूण लावता येते; मित्राला ते दोन मिनिटांचे काम आहे.

बदलांचा परिणाम सर्च कन्सोल या वेबसाइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात पाहावा. त्यातील कामगिरीच्या अहवालात कोणते पान किती वेळा दिसले आणि किती वेळा उघडले गेले, हे शब्दानुसार कळते. पुष्कळ वेळा दिसूनही क्वचितच उघडले जाणारे पान आधी हाती घ्यावे. मात्र पाने उघडली जाण्याचे प्रमाण क्रमांकावरही अवलंबून असते, म्हणून सरासरी क्रमांक साधारण तोच राहिलेला असतानाच आधीची व नंतरची तुलना करावी. शिवाय आपला धंदा लग्नसराईचा. आषाढातले आकडे आणि तुळशीच्या लग्नानंतरचे आकडे शेजारी ठेवून वर्णनाला श्रेय देणे बरोबर होणार नाही. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करावी. सर्च कन्सोल १६ महिन्यांची माहिती ठेवते, तेवढी त्यासाठी पुरेशी आहे. नवे वर्णन लिहिल्यावर गूगल ते पान पुन्हा वाचेपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. महत्त्वाच्या चार-पाच पानांसाठी पत्ता तपासण्याच्या सोयीतून पुन्हा वाचण्याची विनंती करता येते. तेव्हा या मोसमासाठी हे काम करायचे असेल, तर फोटोंवरचा मजकूर पानावर उतरवून घेण्याचे काम मुलाने दिवाळीच्या गर्दीआधी, शक्य तर नवरात्रापूर्वीच उरकावे.